आखाड्याचे घर करण्यापूर्वी

आपल्या नांदेड-लातूरकडे शेतातल्या बांधलेल्या जागेला आखाडा म्हणतात. बैलांचा गोठा, कडब्याची गंजी, औतफाट्याची जागा, धान्याची कोठी आणि सालगड्याची एक खोली, एवढे मिळून आखाडा होतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हे आखाडे रिकामे पडत चालले आहेत. बैल गेले, ट्रॅक्टर आले. मालकांची मुले पुण्या-मुंबईला नोकरीला लागली आणि आखाड्याला कुलूप बसले. दुसरीकडे आपली माणसे जागेसाठी वणवण करीत आहेत. गावठाणात आपल्या वस्तीला पाय पसरायला जागा उरली नाही. शहरात भाडे परवडत नाही. अशा वेळी कोणी सांगितले की अमक्याचा आखाडा दोन एकर रानासकट विकायला निघाला आहे, तर जीव सुखावतो. चार भिंती तयार आहेत, वर पत्रे आहेत, बोअर आहे. फरशी टाकली, चुना मारला की घर तयार, असे वाटते.

घर घेताना आपण काय पाहतो? भिंतीला तडा आहे का ते पाहतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. माळवदाखाली आणि दगडमातीच्या भिंतींखाली हजारो माणसे दबून गेली, बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. तेव्हापासून आपल्या भागातला अडाणी माणूससुद्धा भिंतीला हात लावून पाहतो, कडीपाट निरखतो. वरून काय पडेल हे आपण शिकलो. पण पायाखालच्या मातीत काय मुरले आहे हे विचारायची सवय आपल्याला अजून लागलेली नाही. त्याविषयीच मला आज चार गोष्टी सांगायच्या आहेत.

मी नांदेडच्या मोंढ्यात तेहतीस वर्षे हमाली केली. धान्याची पोती वाहिली, खताची वाहिली आणि फवारणीच्या मालाची खोकीही वाहिली. सुरुवातीच्या वर्षांत बीएचसी पावडरची पोती येत. त्या पोत्यांचा वास अंगाला असा चिकटे की घरी गेल्यावर बायको म्हणायची, आधी मोरीत जा, मग लेकराला घ्या. आम्ही सगळे त्या मालाला "औषध" म्हणत होतो. शेतकरी औषध म्हणतो, दुकानदार औषध म्हणतो, मजूरही औषध म्हणतो. या एका शब्दाने आपले फार नुकसान केले आहे असे मला वाटते. औषधाची बाटली घरात ठेवायला कोणी भीत नाही. विषाची बाटली म्हटले असते तर तीच बाटली कोणी धान्याच्या कोठीत ठेवली नसती.

माझा धाकटा भाऊ लातूर जिल्ह्यात अहमदपूरला राहतो. त्याचा मुलगा गवंडीकाम करतो. भाड्याच्या एका खोलीत सहा माणसे, त्यात दोन लहान लेकरे. थोरली चार वर्षांची, धाकटा नुकता रांगायला लागलेला. मागच्या उन्हाळ्यात अहमदपूरच्या पलीकडे, कंधार तालुक्याच्या हद्दीत, एक आखाडा दोन एकर कोरडवाहू रानासह विकायला निघाला. बायकोचे दागिने, बचत गटाचे कर्ज आणि पुतण्याची पाच वर्षांची शिल्लक मिळून पैशांची जुळवाजुळव झाली. इसाराची रक्कमही दिली गेली. खरेदीखताला दोन महिन्यांची मुदत होती. त्यानंतर मला जागा पाहायला बोलावले.

आखाडा चांगला होता. दगडी जोत्यावर विटांच्या भिंती, सिमेंटचे पत्रे, गोठ्याला शहाबादी फरशी. पण टोकाच्या कोठीचे दार उघडले आणि मला मोंढ्यातला जुना वास आला. मी तिथेच थांबलो. भावाला म्हणालो, "ही कोठी कशाची होती ते विचारल्याशिवाय इथे लेकरू बसवू नका."

पुतण्याला ते पटले नाही. तो म्हणाला, "मोठे बाबा, आबांनी जन्मभर हातानं औषध कालवलं. तुमी पोती वाहिली. आपल्याला काय झालं?"

प्रश्न सरळ होता. मी त्याला म्हणालो, "आपण दिवसभर काम करून घरी येत होतो. हे लेकरू रात्रंदिवस त्याच जमिनीवर राहणार. ते जमिनीवर रांगतं, हात तोंडात घालतं, माती चाटतं. त्याचं वजन आठ किलो, तुझं साठ. तेवढंच विष दोघांच्या पोटात गेलं तर कुणाला जास्त होईल?" आणि आपल्याला काही झाले नाही हे म्हणणेही तितकेसे खरे नाही. माझ्याबरोबरची किती माणसे खोकून खोकून गेली, कोणाचे हात थरथरायला लागले, याची कुठे नोंद नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा कुठे वर्तमानपत्रांनी दखल घेतली.

सूनबाई दाराशी उभी राहून ऐकत होती. ती एवढेच म्हणाली, "तपासून घेऊ या. पैसे परत कमावता येतील." त्या एका वाक्यावर आम्ही कामाला लागलो.

माझी मुलगी परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलेली आहे. तिने मला हा विषय तीन प्रश्नांत समजावून दिला. विष कुठे आहे? ते कोणत्या वाटेने माणसापर्यंत येते? आणि त्या वाटेच्या टोकाला कोण आहे? तिन्हींची उत्तरे मिळाली तर धोका आहे. मधली वाट तोडली तरी धोका टळतो. जगभर अशा जागा तपासणारे लोक याच तीन प्रश्नांनी सुरुवात करतात. इंग्लंडमध्ये २०१४ पासून शेतावरच्या जुन्या इमारतीचे घर करण्याची सोपी वाट सरकारने काढली, पण तिथेही परवानगी देताना जमिनीत काही मुरले आहे का हा मुद्दा पाहावाच लागतो. आपल्याकडे जमीन महसूल कायद्याप्रमाणे शेतकऱ्याच्या कुटुंबाने शेतघरात राहणे हा शेतीचाच वापर धरला जातो. इतर कारणासाठी जे अकृषिकचे अर्ज मी मोंढ्यातल्या लोकांबरोबर भरले, त्यांत रस्ता, हद्द, आरक्षण सगळे विचारले होते. मातीत काय आहे असा रकाना मला कुठे दिसला नाही. म्हणून हा रकाना आपला आपणच भरायचा आहे.

पहिले काम कागदांचे. यासाठी एक पैसाही फारसा लागत नाही. सातबारा सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातला गाव नमुना सात मालकी सांगतो आणि नमुना बारा त्या वर्षी रानात कोणते पीक होते ते सांगतो. जुने सातबारे तहसीलच्या अभिलेख कक्षातून मिळतात. मराठवाड्यात त्याही मागे जायचे तर १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक असते. फेरफार पाहिले की जमीन कोणाकडून कोणाकडे गेली ते कळते. आम्ही त्या गटाचे जुने उतारे काढले. १९८० नंतर वीसेक वर्षे सलग कापूस, मध्ये तूर, आणि अलीकडे सोयाबीन.

हे एवढे वाचले तरी पुष्कळ कळते. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने काढलेला एनएचएच-४४ हा संकरित वाण त्या काळात सगळीकडे पसरला होता. बीटी कापसाला परवानगी मिळाली ती २००२ साली. त्याआधीच्या वर्षांत हिरव्या बोंडअळीपायी शेतकरी एका हंगामात कितीतरी फवारण्या करीत असे. म्हणजे ज्या रानात १९९० च्या आसपास सलग कापूस आहे, त्या आखाड्यात विषाचा साठा असणारच असे धरून चालावे. कोणते विष, तेही काळावरून ताडता येते. बीएचसीवर १९९७ साली बंदी आली. डीडीटीचा शेतीतला वापर १९८९ मध्ये बंद झाला. एंडोसल्फान सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०११ मध्ये थांबले. आपण ज्याला थिमेट म्हणतो ते फोरेट ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाले. पण बंदी दुकानावर येते, कोठीतल्या जमिनीवर येत नाही. बीएचसी, डीडीटीसारखी क्लोरीनची विषे मातीत वर्षानुवर्षे राहतात. मोनोक्रोटोफॉससारखी दुसऱ्या जातीची विषे उघड्या रानात ऊन-पावसाने काही आठवड्यांत, महिन्यांत मोडतात. मात्र बंद, अंधाऱ्या, कोरड्या कोठीत ती जास्त दिवस टिकतात. शिसे, तांबे, आर्सेनिक यांसारखे धातू तर कधीच मोडत नाहीत. बॅटऱ्या फोडल्या असतील, मोरचूद साठवले असेल, तर ते तिथेच आहे असे समजावे.

दुसरे काम माणसांचे. मालकाला विचारले तर तो प्रामाणिकपणे म्हणाला, "मला काय माहीत? मी पुण्यालाच वाढलो. सगळं गड्याच्या हाती होतं." हे त्याचे म्हणणे खरे होते. जमीन मालकाच्या नावावर असते, पण जमिनीची माहिती सालगड्याकडे असते. आम्ही त्या आखाड्यावर सोळा वर्षे राबलेल्या सालगड्याचा शोध घेतला. सत्तरी ओलांडलेला म्हातारा उदगीरला लेकीकडे राहतो. आपल्यातलाच माणूस. आम्ही भेटायला गेलो तेव्हा म्हणाला, "मला आजवर कुणी काही इचारलं न्हाई. तुमीच पहिले."

त्याने खडूने जमिनीवर आखाड्याचा नकाशा काढून दाखवला. कोठीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात औषधाचे डबे असत. एकदा तिथे अख्खा डबा फुटला, मातीने झाकून टाकला. लिंबाच्या झाडाखाली लोखंडी पिंपात औषध कालवले जाई, पंप तिथेच धुतले जात. आणि रिकामे डबे? "मागं एक जुना आड व्हता बघा. पाणी आटलं तवा मालक म्हणाले बुजवून टाका. डबे, बाटल्या, फुटके पंप, सगळं त्यातच टाकलं. वरून मुरूम लोटला." त्या बुजवलेल्या आडाचा कुठल्या कागदावर उल्लेख नव्हता. सातबाऱ्यावर नव्हता, मालकाला ठाऊक नव्हता. म्हाताऱ्याच्या डोक्यात तेवढा होता.

तिसरे काम जागेवर फिरण्याचे. उन्हाळ्यात फिरावे, म्हणजे जमीन उघडी दिसते. आम्ही म्हाताऱ्याला जीपने घेऊन गेलो. लिंबाखाली बैलगाडीच्या चाकाएवढ्या जागेत गवत उगवलेले नव्हते. ऑइल इंजिनाच्या जागी डिझेलचा काळा डाग होता. कोठीच्या फळीवर दोन जुने डबे सापडले. डब्यावर एक चौकोन टोकावर उभा केलेला असतो, त्याचा रंग पाहावा. लाल म्हणजे अति जहाल, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. वाचता येत नसले तरी रंग ओळखता येतो. आमच्या हातात आला तो लाल होता. डबा हुंगू नये, उघडू नये. हातमोजे घालून किंवा पिशवीने धरून बाजूला ठेवावा.

मग पाण्याचा उतार पाहिला. बुजवलेला आड उंचावर आणि बोअर त्याच्या खाली साठ-सत्तर पावलांवर. आपली काळी माती चिकट असते, क्लोरीनची विषे ती वरच्या थरातच धरून ठेवते, ही एक बरी गोष्ट. पण हीच माती उन्हाळ्यात भेगाळते. पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून थेट खाली उतरते आणि सोबत जे असेल ते नेते. वर आड म्हणजे तर खोदूनच ठेवलेली वाट. तेव्हा पाणी तपासणे भाग होते.

चौथे काम प्रयोगशाळेचे, आणि इथे पुष्कळांची फसगत होते. पुतण्या म्हणाला, माती परीक्षण तर तालुक्यालाच होते. होते, पण ते पिकासाठी. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी मोजतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सामू, क्षार, सेंद्रिय कर्ब, जस्त, लोह वगैरे. त्यात कीटकनाशकाचा अंश मोजत नाहीत. पत्रिका चांगली आली म्हणजे माती लेकराच्या अंगाखाली घालण्याजोगी आहे असे नव्हे. विषाचा अंश मोजायला वेगळी यंत्रे लागतात. अशी तपासणी करणाऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळा पुण्या-मुंबईकडे आहेत. राहुरीच्या कृषी विद्यापीठातही कीटकनाशक अंशाचे संशोधन चालते, तिथे विचारपूस करता येते. एका नमुन्याला काही हजार रुपये पडतात. म्हणून सगळ्या रानाची माती एकत्र करून पाठवण्यात अर्थ नाही. संशयाच्या जागांचे थोडे पण नेमके नमुने घ्यावेत.

आम्ही मातीचे चार नमुने घेतले. कोठीचा पूर्वेचा कोपरा, लिंबाखालची जागा, आड आणि बोअर यांच्या मधली जागा, आणि समोरचे अंगण जिथे लेकरे खेळणार. वरच्या वीतभर थराची माती घेतली, कारण लेकराचा हात तेवढ्यालाच लागतो. प्रत्येक वेळी खुरपे धुऊन पुसले. माती स्वच्छ काचेच्या बरणीत भरली, प्लास्टिकच्या पिशवीत नाही. बरणीवर जागा आणि तारीख लिहिली, सावलीत थंड ठेवून लगेच पाठवली. कसे भरायचे ते प्रयोगशाळेला आधी फोनवर विचारले होते. बोअरचे पाणी दोन ठिकाणी दिले. विषाच्या अंशासाठी पुण्याला, आणि नेहमीच्या तपासणीसाठी भूजल यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत.

खरेदीची मुदत जवळ येत होती. आम्ही मालकाला वीस दिवस वाढवून मागितले. तो चिडला. "घर घेताय का दवाखाना काढताय?" म्हणाला. इसार बुडतो की काय अशी भीती भावाला पडली. त्या रात्री त्याच्या घरात कोणी धड जेवले नाही. शेवटी आम्ही मालकाला कागद दाखवले, आडाची गोष्ट सांगितली. ही माहिती आता गावात सगळ्यांना आहे आणि पुढचा गिऱ्हाईकही हेच विचारील, हे त्याच्या ध्यानात आले. मुदत वाढवून मिळाली.

अहवाल आले. कोठीच्या कोपऱ्यात बीएचसी आणि एंडोसल्फानचे अंश भरपूर सापडले. लिंबाखाली होते, पण कमी. आडाच्या खालच्या मातीत थोडे. अंगणात जवळजवळ नाहीच. बोअरच्या पाण्यात कीटकनाशक सापडले नाही, पण नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅम या मर्यादेच्या वर होते. ते कशाने? गोठ्याचे मूत आणि उकिरडा वर्षानुवर्षे बोअरच्या कडेला मुरले होते. म्हणजे ज्या विषाला आम्ही भीत होतो ते पाण्यात नव्हते आणि ज्याचा विचारही केला नव्हता ते होते. नायट्रेट तान्ह्या बाळाला फार वाईट. त्याने रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते. असे पाणी उकळून उपयोग नाही, उकळल्याने पाणी आटते आणि नायट्रेट अधिकच दाट होते. किनवट तालुक्यात फ्लोराइडच्या पाण्याने दात आणि हाडे गेलेली माणसे आपण पाहिली आहेत. ते तर जमिनीतले मूळचेच आहे, कोणी टाकलेले नाही. पाणी नितळ दिसते, गोडही लागते, म्हणून ते पिण्याजोगे असते असे नाही.

आता निवाडा करायचा होता. जागा सोडावी की घ्यावी? पुन्हा तेच तीन प्रश्न घेतले. विष कोठीत आहे, लिंबाखाली आहे, आडात आहे. ते सगळे खणून काढायचे म्हटले तर ती माती टाकणार कुठे? ओढ्यात टाकली तर दुसऱ्याच्या लेकराच्या पोटात जाईल. अशा कचऱ्याची शास्त्रशुद्ध विल्हेवाट लावणारी केंद्रे रांजणगाव, तळोजा, बुटीबोरी इकडे आहेत. तिथवर गाड्या भरून नेणे गवंड्याच्या कुटुंबाला झेपणारे नाही. तेव्हा विष हलवता येत नसेल तर वाट तोडायची आणि लेकराला वाटेवरून बाजूला करायचे.

असे ठरले. कोठी घरात धरायची नाही. तिच्या जमिनीला खोरे लावायचे नाही. वर जाड काँक्रीट टाकून दाराला कुलूप लावायचे. लिंबाखाली मुरमाचा थर देऊन काट्याचे कुंपण करायचे. बोअरचे पाणी प्यायला वापरायचे नाही, प्यायचे पाणी गावच्या नळाचे आणायचे. आणि राहायला दोन खोल्या नव्या बांधायच्या, अंगणाच्या वरच्या अंगाला, आडापासून दूर. मालकाने कोठीपुरती आणि बोअरपुरती किंमत कमी केली. त्यातून निम्म्या विटा निघाल्या. बाकी बांधकाम पुतण्याने स्वतःच्या हाताने केले. दसऱ्याच्या आधी ते राहायला गेले.

घर करताना पाळलेल्या काही गोष्टी इथे सांगतो, कारण धोका बहुतेक वेळा पाडापाडीच्या दिवसांतच होतो. जुनी जमीन कोरडी झाडू नये, आधी पाणी शिंपडावे, तोंडाला फडके बांधावे, लेकरांना त्या दिवशी दूर ठेवावे. कोठीच्या जुन्या फळ्या, दारे, कडीपाट चुलीत घालू नयेत, त्यांच्या धुरातून तेच विष घरात येते. डबे जाळू नयेत, त्यांत पाणी-दाणे भरू नयेत. जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते, ते फोडू-कापू नयेत, ओले करून अख्खे उतरवावेत. कोठीतली माती सारवायला किंवा परसातल्या भाजीला घेऊ नये. तिथे कोंबड्या सोडू नयेत. कोंबडी माती उकरून खाते आणि क्लोरीनचे विष तिच्या अंड्यात उतरते. धान्याला लावायच्या सल्फासच्या गोळ्या राहत्या घरात कधीच ठेवू नयेत. ओल लागली की त्यांतून जो वायू सुटतो तो झोपेतल्या माणसाचा जीव घेतो, शेजारच्या खोलीतसुद्धा.

यावर कोणी म्हणेल, झाकून ठेवलेले विष हे गेलेले विष नव्हे. अगदी बरोबर. म्हणूनच आम्ही आणखी एक काम केले. आडाची जागा, कोठीचा कोपरा, लिंबाची जागा, काय सापडले आणि काय केले, हे सगळे एका कागदावर नकाशासह लिहून, अहवाल जोडून, खरेदीखताच्या कागदांत ठेवले. पुतण्याच्या मुलांनी पुढे जागा विकली तर घेणाऱ्याला तो कागद द्यायचा, असे त्यावर लिहिले आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात लव्ह कॅनॉल नावाची जागा आहे. एका रसायन कंपनीने तिथे हजारो टन विषारी कचरा पुरला आणि १९५३ साली ती जमीन एका डॉलरला शाळा मंडळाला दिली. खरेदीच्या कागदात कचऱ्याचा उल्लेख होता. पण पुढे तिथे शाळा झाली, भोवती कामगारांची घरे झाली आणि त्या घरांतल्या बायकांना कोणी काही सांगितले नाही. तळघरांतून काळे पाणी यायला लागले, लेकरे आजारी पडायला लागली, तेव्हा बायकांनीच घरोघरी फिरून नोंदी केल्या. १९७८ साली सरकारला आणीबाणी जाहीर करून कुटुंबे हलवावी लागली. आपल्याकडे भोपाळचे उदाहरण आहे. १९८४ च्या वायूकांडानंतर कारखान्यात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा तिथून हलला तो जानेवारी २०२५ मध्ये. तोवर भोवतालच्या गरीब वस्त्यांच्या हातपंपांत ते विष उतरून गेले होते. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. संशयित जागांची यादी करून तपासणी करण्याची त्यात तरतूद आहे. पण एखाद्या आखाड्याचा बुजवलेला आड त्या यादीत येईल याची वाट पाहत बसू नये.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घराघरांत असा एक तरी म्हातारा आहे जो कोणाच्या तरी आखाड्यावर सालगडी होता. अशी एक तरी बाई आहे जिने फवारणीचे पाणी वाहिले. कोणत्या गटात काय कालवले, कुठे सांडले, कुठे पुरले, हे त्यांना पाठ आहे. त्यांची वये आता सत्तर-पंचाहत्तर आहेत. उदगीरचा तो म्हातारा यंदाच्या पावसाळ्यात गेला. आम्ही सहा महिने उशिरा गेलो असतो तर आडाची गोष्ट त्याच्याबरोबरच गेली असती. तेव्हा आखाडा घ्यायचा असो वा नसो, दहावी-बारावीच्या मुलांना वही-पेन घेऊन या माणसांजवळ बसवा. गाव, गट नंबर, साल आणि जागा एवढे लिहून घ्या. ती जमीन आज दुसऱ्याच्या नावावर असेल, पण उद्या तिच्यावर कोणाची लेकरे रांगतील हे सांगता येत नाही.